अंगद सर येणार असतील तर

नांदेड, २३ ऑगस्ट

क्रीडाकुलभूषण श्री. अंगद यांस,

आपण मला व्हॉट्सॲपवर अवरुद्ध केल्यामुळे, माझा दूरध्वनी न उचलण्याचे व्रत निष्ठेने पाळत असल्यामुळे, आणि आपल्या नव्या प्रशालेत निरोप धाडल्यास ‘सर मैदानावर आहेत’ एवढेच उत्तर प्राप्त होत असल्यामुळे, अखेर डाक विभागास सेवेची संधी देत आहे. तुला ‘आपण’ म्हणणे मला पहिल्याच वाक्यात जड गेले. यापुढे ‘तू’ म्हणेन. वयाने ज्येष्ठ असण्याचा एवढाच लाभ मला आजवर झाला आहे.

प्रथम प्रशालेचे वर्तमान. तू जूनमध्ये बदलीने अहमदपुरास प्रस्थान ठेवलेस. त्यानंतर मुख्याध्यापिका मॅडमनी रिक्त झालेल्या जबाबदारीसाठी शिक्षकवृंदाकडे दृष्टिक्षेप केला. गणिताच्या गौरम्मा बाई वह्या तपासू लागल्या. विज्ञानाचे सर खिडकीबाहेर पाहू लागले. मी, मराठी आणि संस्कृतचा अध्यापक, नेमका त्या क्षणी शिंकलो. ती शिंक होकारार्थी मानण्यात आली. तेव्हापासून मी सहशालेय उपक्रमांचा प्रमुख आहे. वृक्षदिंडी, प्रभातफेरी, रांगोळी, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन, लेझीम आणि खो-खो ही सर्व खाती मजकडे असून, प्रत्येक उपक्रमाचे छायाचित्र तासाभरात गटावर पाठवावयाचे असते. उपक्रम झाला नाही तर कोणी विचारत नाही. छायाचित्र आले नाही तर खुलासा मागतात.

या सर्व छायाचित्रांत एकच मुलगी मध्यभागी दिसते, हे तुला सांगण्याची आवश्यकता नाही. नववीतली करिश्मा. तीच रोप धरते, तीच घोषणा देते, तीच ज्वालामुखीच्या प्रतिकृतीत सोडा ओतते. पैकी खो-खो सोडून कशातही तिला तिळमात्र रस नाही; परंतु अन्य मुली लाजतात आणि ही लाजत नाही, एवढ्या एका गुणावर तिच्या माथी सकल कला-क्रीडा-संस्कृतीचा भार येऊन पडला आहे.

सरावाच्या प्रथम दिनी मी मुलींना खो-खोचे नैतिक अधिष्ठान समजावून सांगितले. ती म्हणाली, “सर, ऊन चढून राहिलं. शिट्टी तुमी मारता का मी मारू?” मी शिट्टी तिच्या स्वाधीन केली. त्या दिवसापासून सराव उत्तम चालला आहे.

तालुकास्तर आपण जिंकलो. ‘आपण’ हा शब्द लेखणीतून निसटला. तसाच राहू देतो.

काल तिचा बाप व्यंकटी शाळेत आला. अर्धापूरच्या केळीबागांत घड उतरवून ट्रक भरण्याचे त्याचे काम. सदऱ्याच्या खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. मुलगी पुढे लातूरला विभागीय स्पर्धेस जाण्याची स्वप्ने पाहते आहे, हे त्याच्या कानी गेले होते.

“नांदेडात खेळू द्या, सर. सांजच्याला घरी येती. पर लातूरला मुक्काम म्हणून राहिली.”

“स्पर्धा दोन दिवसांची असते, व्यंकटराव.”

“अंगद सर हाईत का संगं?”

“गौरम्मा बाई आहेत. शिवाय मी आहे.”

त्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. वाटेत पोटाशी तो किंचित थांबला.

“तुमी बोलता लई चांगलं. पर अंगद सर मागल्या साली कंधारला पोरींच्या खोलीम्होरं आडवे झोपले हुते. सुतळी बांधून घेतली हुती पायाला, दार हाललं की जाग यावी म्हून. बाई बऱ्या हाईत, पर त्यांना गाडी लागती. त्यांनाच सांभाळाय एक माणूस लागतो. अंगद सर येणार असतील तर धाडतो. नायतर न्हाई.”

हे तुला केवळ माहितीस्तव कळवीत आहे.

आपला,
श्रीमंत


नांदेड, १८ सप्टेंबर

अंगद,

पत्रोत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. जो मनुष्य हजेरीपटावर स्वाक्षरी करण्याचाही कंटाळा करीत असे, त्याच्याकडून अंतर्देशीय पत्राची आशा धरणे अविचाराचे ठरेल.

काल मुक्तिसंग्राम दिन यथासांग पार पडला. ध्वजवंदन झाले, लेझीम झाली. करिश्मा अग्रभागी होती आणि हलगी वाजवणाऱ्याच्या गतीवर सार्वजनिकरीत्या नाराजी व्यक्त करीत होती. “काका, जोरात हाणा की! उपाशी हाव का?” प्रमुख अतिथी हसले. त्यांना फेटा बांधण्यात आला.

फेटा हा शब्द आलाच आहे, तर त्या प्रकरणी माझी भूमिका लेखी स्वरूपात नोंदवून ठेवतो. फेब्रुवारीच्या स्नेहसंमेलनात मी सूत्रसंचालक होतो. फेट्यांची संख्या हा स्वागत समितीच्या अखत्यारीतील विषय होता. सभापतींचा वाहनचालक पुढील रांगेत येऊन बसला आणि फेटा बांधणाऱ्याने त्यास मान्यवर समजून फेटा बांधला, यात माझा दोष शोधणाऱ्यास पुष्कळ परिश्रम करावे लागतील. तुझे नाव पुकारेपर्यंत फेटे संपले होते. शिल्लक राहिलेली टॉवेल-टोपी तुला देण्यात आली. मराठवाड्यात टॉवेल-टोपी हा काही अपमान नव्हे. अर्धे विवाह तिच्यावरच उभे असतात. तू तो टॉवेल माझ्यासमोरच्या टेबलावर घडी करून ठेवलास आणि मंचावरून उतरून गेलास. मी पुढील क्रमांकाचे नाव पुकारले. कार्यक्रम पुढे चालू ठेवणे हे सूत्रसंचालकाचे कर्तव्यच असते.

असो. जिल्हास्तर जिंकलो. अंतिम सामन्यात करिश्माने खांबावर अशी झेप घेतली की खांबाजवळ उभे असलेले दोन पंच मागे सरले. लातूरची पात्रता सिद्ध झाली आहे.

सामना संपल्यावर ती घामाने निथळत मजकडे आली. “सर, माझं लातूर पक्कं का?”

“पात्रता प्राप्त झालीच आहे.”

“ते न्हाई. अंगद सरांना बोलावलं का?”

“पत्रव्यवहार सुरू आहे.”

“पत्र?” तिने मैत्रिणींकडे वळून पाहिले. त्या सर्वजणी हसल्या. “फोन उचलत न्हाईत व्हय तुमचा? मला तर करतेत. म्हणले, तुझ्या सरांचं पत्र आलंय, शब्दकोश घेऊन वाचून राहिलो.”

माझे गद्य तुला शब्दकोशाविना आकलन होत नाही, हे ऐकून मला खेद झाला असे म्हणता येणार नाही.

लातूरच्या तारखा अद्याप जाहीर व्हावयाच्या आहेत. झाल्यावर माहितीस्तव कळवीन.

श्रीमंत


नांदेड, ९ ऑक्टोबर

अंगद,

स्पर्धा नोव्हेंबरच्या प्रारंभी. दोन दिवस, लातूरचे क्रीडा संकुल, मुक्काम तेथीलच एका शाळेच्या वर्गांत.

व्यंकटी आपल्या मतापासून ढळलेला नाही. त्याच्या पत्नीला, पंचफुलाबाईला, मी घरी जाऊन भेटलो. तिने चहा दिला, माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, आणि मग मला समजावून सांगितले.

“गुरुजी, पोरगी वयात आली. आमच्या भावकीत दोघी-तिघींची लग्नं झाली हिच्या वयाच्या. ही खेळती, लोक बोलतेत. आमी म्हणतो बोलू द्या. पर परगावी मुक्काम करून आली आन् कुणी काय उठवलं, तर तिचा बाप तिची शाळाच बंद करंल. मग तुमी काय कराल?”

मी चहा संपवला. करिश्मा उंबऱ्याशी बसून बुटाच्या तळाला दोरी बांधीत होती. सकल उपक्रमांत जी मुलगी गप्प बसत नाही, ती आपल्याच घरी गप्प बसते, ही बाब मला नवीन होती.

वाटेपर्यंत ती सोबत आली. “सर, मी अंगद सरांना म्हणले, या म्हून. ते म्हणले, येतो की, पर तुझ्या सरांनी लिहावं.”

“मी दोन पत्रे लिहिली आहेत.”

“त्यात ‘या’ असं लिहिलंय का?”

मी म्हणालो, की सुज्ञास सूचना पुरेशी असते. ती म्हणाली, “तुमी दोघं बी लहान लेकरावाणी करून राहिले,” आणि माघारी पळाली.

तुझी अट मला समजली. तिच्यावर मी यथोचित चिंतन केले. एका बाजूस उपक्रमप्रमुखाच्या पदाची काही मर्यादा असते, आणि दुसऱ्या बाजूस टेबलावर घडी करून ठेवलेला एक टॉवेल असतो, जो त्या दिवसापासून माझ्याच कपाटात आहे. या दोहोंच्या मध्ये उभे राहून ‘ये’ हे क्रियापद लिहिणे मला अद्याप साधलेले नाही. तथापि लातूरला जाणारी बस अहमदपूरवरूनच जाते, ही भौगोलिक वस्तुस्थिती आहे. तिच्यावर कोणाची मालकी नाही.

श्रीमंत


नांदेड, १ नोव्हेंबर

अंगद,

घाईत लिहीत आहे.

संघ ५ तारखेस सकाळच्या बसने निघेल. गाडी साडेनऊच्या सुमारास अहमदपूरच्या बसस्थानकात लागते आणि चहापुरती थांबते. बारा मुली, गौरम्मा बाई आणि मी. बाईंनी उलटीच्या गोळ्या घेतल्या आहेत, लिंबे घेतली आहेत, आणि सुरक्षेसाठी खिडकीजवळची जागा मागितली आहे.

व्यंकटीने अखेरीस होकार दिला. तो कसा मिळाला, हे सांगणे प्राप्त आहे. त्याने विचारले, “अंगद सर येणार ना?” आणि मी म्हणालो, “अहमदपूरला चढणार आहेत.” हे असत्य आहे असे मी मानत नाही. भविष्यातील एका संभाव्य घटनेचा तो आगाऊ उच्चार आहे. तिला सत्यत्व प्राप्त करून देणे आता माझ्या हाती राहिलेले नाही.

व्यंकटी म्हणाला, “मग मी बी येतो अहमदपूरपस्तोर. सर चढले की उतरतो आन् माघारी फिरतो. एका दिवसाचा रोज बुडंल, बुडू द्या.”

हे मला अपेक्षित नव्हते.

बसची वेळ वर दिली आहे. वेळ कळवणे हे निमंत्रणच होय, असे माझे मत आहे.

श्रीमंत


नांदेड, ९ नोव्हेंबर

अंगद,

तू आला नाहीस. या संबंधात तक्रार नोंदवण्याचा माझा हेतू नाही. काय घडले ते अनुक्रमाने लिहितो.

लोहा येईपर्यंत मुलींनी गाणी म्हटली. गौरम्मा बाईंना लोह्याच्या अलीकडेच गाडी लागली. अहमदपूरला बस स्थानकात शिरली, तेव्हा व्यंकटी दाराशी जाऊन उभा राहिला आणि उतरणाऱ्या-चढणाऱ्या प्रत्येकाचे मुख निरखू लागला. मी चहा मागवला आणि प्यायलो नाही. वाहकाचे दोनदा ओरडून झाले.

“सर, तुमचा पाहुणा येणार हाय का? घंटी मारू का?”

“एक क्षण थांबा.”

“क्षण म्हणून म्हणून अर्धा तास केला तुमी.”

अर्धा तास झाला नव्हता; परंतु वाद घालण्याच्या स्थितीत मी नव्हतो. व्यंकटी मजकडे आला. तो रागावला नव्हता, हेच अधिक दुःसह होते. “कुठं हाईत सर?”

मी उत्तर देण्यापूर्वीच करिश्माने आसनाखालची पिशवी ओढली आणि ती खाली उतरली. तिला कोणी उतर म्हटले नव्हते. फलाटावरच्या बाकापाशी ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. बसमधल्या अकरा मुली खिडक्यांतून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्यापैकी एकीने पुटपुटलेले मला ऐकू आले: “सरांनी बोलवलंच न्हाई.”

मी खाली उतरलो. “व्यंकटराव, अंगद येणार हे मी खोटं सांगितलं. मी त्याला ये म्हणून लिहिलंच नाही.”

या विधानात एकही समास नव्हता. माझ्या सेवाकालात असे क्वचितच घडले असेल.

“कामून न्हाई लिहिलं?”

“लाज वाटली.”

“लाज?” त्याने पोरीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “चार-चार कागद लिहिले म्हणती ही. आन् एवढं लिहायची लाज?”

“होय.”

वाहकाने घंटी मारली. चालकाने गाडी सुरू केली. गौरम्मा बाईंनी खिडकीतून लिंबू धरलेला हात बाहेर काढला आणि दुर्बल, तरी स्पष्ट स्वरात विचारले, “सर, मी उतरू का? की सगळ्यांनीच उतरायचंय?”

व्यंकटीने खिशातला भ्रमणध्वनी काढून वेळ पाहिली. मग करिश्माजवळ जाऊन तिच्या हातची पिशवी घेतली. “चढ.”

“कुठं?”

“लातूरला. कुठं म्हंजे? मी येतो. आजचा रोज तर गेलाच हाय, उद्याचा बी जाऊ दे.” आणि मजकडे वळून म्हणाला, “तुमी बी चढा. का तुमाला पत्र लिहावं लागंल?”

बसमध्ये जो हास्यकल्लोळ झाला, तो मी येथे उद्धृत करीत नाही.

लातूरला व्यंकटीने प्रथमच आपली मुलगी खेळताना पाहिली. पहिल्या सामन्यात ती खांबावर झेपावली, तेव्हा तो सीमारेषा ओलांडून आत धावला. “मेली का काय पोरगी!” पंचांनी त्यास ताकीद दिली. ती उठली, मातीत माखलेली, आणि बाद झालेली धावक मैदानाबाहेर चालली होती. व्यंकटी माझ्याजवळ येऊन बसला.

“हे रोज करती ही?”

“रोज.”

“घरी दोन घागरी आणायच्या म्हणलं तर कंबर दुखती म्हणती.”

दुसऱ्या सामन्यापासून त्याने मैदानाच्या कडेने मुलीच्या गतीने धावण्यास प्रारंभ केला. दोन्ही हातांनी खुणा करून तो तिला दिशा सांगत होता. त्या सर्व दिशा चुकीच्या होत्या आणि तिने एकही मानली नाही. उपांत्य सामन्यात धाराशिवकडच्या एका संघाकडून आपण एका गुणाने हरलो. त्या मुली सरस होत्या. अखेरच्या डावात करिश्माच्या हाताखालून एक धावक निसटली. ती बराच वेळ मैदानातच बसून राहिली. मी तिला सांत्वनपर काही सांगावे म्हणून गेलो आणि शेजारी मातीत बसलो. धोतर नव्हते हे बरे. थोड्या वेळाने ती म्हणाली, “सर, तुमची पँट खराब झाली,” आणि उठली.

मुक्कामाच्या व्यवस्थेविषयी तुला उत्सुकता असेल. वर्गाच्या दाराशी एका बाजूस व्यंकटी आणि दुसऱ्या बाजूस मी, असे दोघे आडवे झालो. सुतळी त्याच्या पायाला होती. माझ्या घोरण्यामुळे सुतळीची आवश्यकता उरली नाही, असे दुसऱ्या दिवशी मुलींनी मला कळवले.

परतताना अहमदपूरला गाडी पुन्हा थांबली. मुली केळी घ्यायला उतरल्या आणि व्यंकटीने प्रत्येक घडाला नावे ठेवली. त्याच्या मते अर्धापूरबाहेर केळी पिकत नाहीत. चहा घेताना तो म्हणाला,

“पुढल्या साली मला येणं व्हायचं न्हाई, सर. मालक दोनदा सोडत न्हाई.”

मला वाटले, संपले. ती दहावीत जाईल, मग बारावीचे नाव निघेल, मग स्थळाचे.

“तुमीच न्या की तिला,” तो म्हणाला.

“आणि अंगद सर?”

“आले तर बरंच हाय. न्हाई आले तरी न्या.” त्याने कप खाली ठेवला. “तुमी खोटं बोलता, पर तुमच्या तोंडावर ते टिकत न्हाई. मला तर बस नांदेडातून निघाली तव्हाच कळलं हुतं. घाम आला हुता तुमाला. असल्या माणसासंगं पोरगी धाडाय भ्या वाटत न्हाई.”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही उतरवलं तिला?”

“म्हणलं, बघावं तरी, कुठवर बोलत न्हाईत.”

करिश्मा मागे उभी होती. तिने हे ऐकले. तिने माझ्या हातात एक केळे ठेवले आणि बसमध्ये जाऊन बसली. नांदेड येईपर्यंत तिचेच गाणे सर्वांत मोठ्याने ऐकू येत होते.

पुढील वर्षीची व्यवस्था, याप्रमाणे, तुझ्याविना झाली आहे. संघाचे तुझ्यावाचून अडत नाही. करिश्माचेही आता अडत नाही. मागील चार पत्रांत मी जे जे लिहिले, त्यामागे काही ना काही काम होते, हे तू ओळखले होतेसच. ते काम संपले.

म्हणून आता लिहिता येते. रविवारी मुली सकाळी सातला मैदानावर येतात. तू ये. काम काही नाही.

श्रीमंत